गुन्हेगार सापडल्यानंतर

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी सांगितलं आहे की प्रत्येकाने आपल्या छंदावर दहा मिनिटं बोलायचं आणि ऑफिसचा विषय काढायचा नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणजे दुसरी अट तुमच्याच भल्याची. माझा छंद तुम्हाला ठाऊक आहे. भूगोलाच्या नकाशासंग्रहात रहस्यकथा लपवून वाचणारी ती मीच. आज त्यातल्या हेरकथा आणि कोर्टकथांबद्दल बोलते. त्यातही जरा गंभीर, पुन्हा वाचावीशी वाटणारी पुस्तकं कशी शोधायची, याबद्दल. आणि शेवटी एक कबुली द्यायची आहे.

आपल्यातल्या बऱ्याच जणांची सुरुवात एकाच ठिकाणी झाली. एसटी स्टँडसमोरचं ते भाड्याने पुस्तकं देणारं वाचनालय आठवतंय ना? बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि धनंजय आपल्या आईवडिलांच्या पिढीचे. आपल्या हातात येईपर्यंत त्यांची पानं पिवळी पडली होती. आपल्या वाट्याला आले गुरुनाथ नाईक आणि सुहास शिरवळकर. शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास हा मी भेटलेला पहिला वकील. खरा वकील नंतर पाहिला, आमच्या शेताच्या दाव्यात. तो तारखेला हजर असायचा, एवढीच त्याची कर्तबगारी! या पुस्तकांना मी कधीच नावं ठेवणार नाही. वाचनाची चटक यांनीच लावली.

इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर फोर्साइथ आणि ग्रिशॅम आले. मग नोकरी, लग्न, मुलगी, आणि दहा-बारा वर्षं पुस्तक हातात नाही. चाळिशीत पुन्हा वाचायला लागले तेव्हा लक्षात आलं की चाळिसाव्या पानाला मला शेवट कळतोय. जग वाचणार, बॉम्ब शेवटच्या सेकंदाला निकामी होणार, नायकाला एक ओरखडा येणार. पुस्तक मिटलं की दुसऱ्या दिवशी काही आठवायचं नाही.

त्याच सुमारास मुंबईत, फ्लोरा फाउंटनजवळच्या फूटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात जॉन ल कारेचं ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ मिळालं. १९६३ साली आलेलं हे पुस्तक. लेखकाचं खरं नाव डेव्हिड कॉर्नवेल. तो तेव्हा खरोखरच ब्रिटिश गुप्तहेर खात्यात होता, म्हणून टोपणनाव घ्यावं लागलं. यातला हेर लीमस थकलेला आहे, दारू पितो, आणि आपल्याला कुठल्या कामासाठी पाठवलंय हे त्याला स्वतःलाच पुरतं माहीत नाही. शेवटाकडे पूर्व जर्मनीत बंद दाराआड एक खटला चालतो. तिथे साक्षीला एका साध्या मुलीला आणतात. लंडनमधल्या एका ग्रंथालयात काम करणारी मुलगी. ती खरं तेच सांगते, पण त्या उत्तरांनी काय होणार आहे याची तिला कल्पना नसते. मी ते पुस्तक लोकलमध्ये संपवलं आणि माझं स्टेशन चुकलं.

तिथून शोध सुरू झाला. त्यातून जे हाती लागलं ते सांगते.

पहिलं म्हणजे, लेखकाने ते काम स्वतः केलंय का ते बघा. सॉमरसेट मॉम पहिल्या महायुद्धात हेर होता, त्यातून १९२८ साली ‘अ‍ॅशेंडन’ आलं. ग्रॅहम ग्रीन दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश गुप्तहेर खात्यात होता. तिथे त्याचा वरिष्ठ होता किम फिल्बी, जो सोव्हिएत रशियाचा हेर निघाला आणि १९६३ साली मॉस्कोला पळाला. कोर्टकथांचंही तसंच आहे. ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ मर्डर’ १९५८ साली रॉबर्ट ट्रॅव्हर या नावाने आलं. लिहिणारा होता जॉन व्होल्कर, मिशिगन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश. वकील असताना त्याने स्वतः लढवलेल्या खटल्यावर ते बेतलं आहे. त्यात एक प्रसंग आहे. वकील आपल्या अशिलाला आधी खुनाच्या आरोपातून सुटण्याचे कायदेशीर मार्ग समजावतो आणि मग विचारतो, आता सांग, काय घडलं? हे कायदा समजावणं झालं की साक्ष पढवणं? मी अजून ठरवू शकलेले नाही. स्कॉट टुरो शिकागोत सरकारी वकील होता. ‘प्रिझ्यूम्ड इनोसंट’ त्याने कामावर जाता-येता ट्रेनमध्ये लिहिलं, ते १९८७ साली प्रसिद्ध झालं. त्यात सरकारी वकीलच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो.

दुसरं, पाठलागाचं पान वाचून पुस्तक निवडू नका. मधलं एखादं पान उघडा, जिथे दोन माणसं खोलीत बसून नुसती बोलताहेत. ते पान तुम्हाला धरून ठेवत असेल तर खुशाल विकत घ्या.

तिसरं, एक लेखक आवडला की त्याच्या आधीचा शोधा. ल कारेकडून मी ग्रीनकडे गेले, तिथून एरिक अँब्लरच्या १९३९ सालच्या ‘द मास्क ऑफ दिमित्रिओस’कडे. नवीन पुस्तकांच्या जाहिराती आपोआप डोळ्यांपुढे येतात, जुनी शोधावीच लागतात.

आता कबुली. तीही एका पुस्तकामुळेच. ग्रीनचं ‘द ह्यूमन फॅक्टर’, १९७८ सालचं. लंडनच्या गुप्तहेर खात्यात एका छोट्या विभागातून माहिती फुटते आहे. संशय जातो एका तरुण अधिकाऱ्यावर, डेव्हिसवर. त्याच्याच खोलीत, शेजारच्या टेबलावर कॅसल बसतो. माहिती कोण फोडतंय हे ग्रीन शेवटापर्यंत लपवून ठेवत नाही. ते कळल्यावर मी थांबले, कारण डेव्हिसने काहीही केलेलं नव्हतं आणि किंमत मात्र त्यानेच मोजली होती. ऑफिसचा विषय एकदाच काढते, माफ करा. आमच्याकडे चूक कुठे झाली ते सापडलं की फाइल बंद होते. त्या चुकीचा भुर्दंड कोणाला बसला, हे फाइलमध्ये नसतं. साध्या रहस्यकथेतही गुन्हेगार सापडला की संपतं. मी ज्यांना गंभीर म्हणते, ती पुस्तकं तिथून पुढे जातात.

आठवीत, बाई, तुमच्या तासाला एका मुलीच्या दप्तरात शिरवळकरांची कादंबरी सापडली होती. तुम्ही येताना दिसलात तशी मीच ती तिच्या दप्तरात सरकवली होती. ती म्हणाली, माझं नाही. तुम्ही विचारलंत, मग कोणाचं? तिने माझ्याकडे पाहिलं आणि ती गप्प राहिली. मीही गप्प राहिले. तिच्या वडिलांना शाळेत बोलावलं गेलं. पुस्तकापेक्षा ती खोटं बोलली याचा त्यांना जास्त राग आला. दहावीपर्यंत तिच्या घरात अभ्यासाशिवाय दुसरं पुस्तक आलं नाही. तेव्हा आपल्यात सगळ्यात जास्त वाचणारी तीच होती, हे तुम्हाला आठवत असेल.

‘द ह्यूमन फॅक्टर’ संपवल्यावर मी तिला फोन केला. पस्तीस वर्षांनी. ती जरा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, “अगं, मला काय, मला माहीतच होतं. पण बाबांना सांगायला हवं होतंस. ते गेले आता.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. आज ती इथे तिसऱ्या रांगेत बसली आहे. मी हे बोलणार आहे हे तिला विचारलं होतं. ती म्हणाली, “बोल, पण बाईंच्या समोर बोल.” म्हणून बोलते. बाई, ते पुस्तक माझं होतं. ती खरं बोलत होती.

बाहेर चहाच्या टेबलाशेजारी माझी वीसेक पुस्तकं मांडली आहेत. आज नाव घेतलेली सगळी त्यात आहेत. हवं ते घेऊन जा, पुढच्या मेळाव्याला परत आणा. ‘द ह्यूमन फॅक्टर’ मात्र तिथे नाही, ते तिला दिलं आहे. शेजारी वही ठेवली आहे, पुस्तक नेताना तिच्यात नाव लिहा. फक्त एकच विनंती, स्वतःचंच लिहा.