धृतराष्ट्राची रात्र आणि सातची घंटा



स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावरून प्रमुख पाहुण्याने उद्योग, शिस्त आणि ध्येयवाद यांविषयी बोलावे असा शिरस्ता आहे, आणि पहाटे चारला उठून अभ्यास करणाऱ्या थोर पुरुषांचे दाखले देण्याचीही जुनी वहिवाट आहे. परंतु परीक्षांचा हंगाम जवळ आला की झोप येत नाही अशी कैफियत घेऊन माझ्या दवाखान्यात येणारी तरुण मुलेमुली पाहून, आज निद्रेचीच बाजू मांडावी असे मी योजिले आहे.

महाभारताच्या उद्योगपर्वात प्रजागर नावाचे एक उपपर्व आहे. पांडवांकडून परतलेला संजय धृतराष्ट्राला दोष देतो, त्यांचा निरोप मात्र उद्या सभेत सांगेन म्हणून निघून जातो, आणि त्या न ऐकलेल्या निरोपाच्या धास्तीने व्याकुळ झालेला राजा रात्री विदुराला पाचारण करतो. विदुर प्रथम निदान करू पाहतो: बलवंताने ज्याच्यावर चाल केली आहे असा साधनहीन दुर्बल, ज्याचे सर्वस्व हरण झाले आहे तो, कामातुर आणि चोर यांना झोप लागत नाही, यांतले काही आपल्याला जडलेले नाही ना, असे तो विचारतो आणि लगेच, परक्याच्या धनाचा लोभ तर आपल्याला जाळीत नाही ना, अशी पुस्ती जोडतो. इतक्या सभ्य भाषेत इतका झोंबणारा प्रश्न रोग्याला विचारणारा माझ्या व्यवसायबंधूंत मला अद्याप भेटलेला नाही! विदुराच्या यादीत परीक्षार्थी नाही हे खरे, पण धृतराष्ट्राची त्या रात्रीची अवस्था नेमकी परीक्षार्थ्याची आहे. उद्या कानी काय पडणार, या विचाराने त्याची झोप गेली आहे.

चिंता, शोक, आजार, परगावचे वसतिगृह, यांपैकी कशानेही पहिली रात्र जागून जाते; आणि बहुधा कारण सरले की झोपही परत येते. ती ज्यांच्याकडे परत येत नाही त्यांच्याविषयी आर्थर स्पीलमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह 1987 मध्ये एक मार्मिक भेद मांडला: निद्रानाश सुरू करणारे कारण एक असते आणि त्याला टिकवून धरणारे दुसरेच. जागरण झालेला मनुष्य दुसऱ्या दिवशी दुपारी ताणून देतो, रात्री लवकरच अंथरुणावर पडून झोपेची प्रतीक्षा करतो, वारंवार घड्याळ पाहून आता डोळा लागला तर किती तास पदरात पडतील याचा हिशेब मांडतो. आणि अंथरूण हे विश्रांतीचे स्थान न राहता झोपेपाशी तगादा लावण्याची कचेरी होऊन बसते. म्हणून माझी पहिली विनंती अशी, की पुस्तके घेऊन अंथरुणावर बसू नका, आणि बराच वेळ झोप आली नाही तर सरळ उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसा. आठवड्यातून तीन रात्री याप्रमाणे तीन महिने हे चालू राहिले तर मात्र डॉक्टरांना गाठावे. थायरॉईडचा विकार, घोरताना अडखळणारा श्वास, लोहाच्या कमतरतेने होणारी पायांची चुळबुळ अशी शारीरिक कारणेही मागे असू शकतात. पालकांपैकी कोणी झोपेसाठी मद्याचा आश्रय करीत असतील, तर त्यांनी इतकेच ध्यानी घ्यावे की ते डोळा लवकर लावते आणि उत्तररात्री झोप मोडते.

आता चहा. दिवसभर मेंदूत साचत जाणाऱ्या ॲडेनोसिन नावाच्या द्रव्यामुळे झोपेची ओढ वाढत जाते, आणि चहाकॉफीतील कॅफीन त्याचीच वाट अडविते. शरीरातील कॅफीन निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे रात्री नऊच्या पेल्याचा अर्धा अंमल दोन वाजताही तुमच्यावर चालू असतो. मोबाईलविषयी घरी पुरेसे ऐकता, म्हणून मी थोडक्यात आटोपतो: रात्रीचा उजेड झोपेची सूचना देणाऱ्या मेलाटोनिन या संप्रेरकाला उशीर करतो, आणि उजेडापेक्षाही त्या पडद्यावरचा मजकूर मनाला अधिक जागे ठेवतो.

परंतु सगळा दोष तुमच्या पदरी घालून मला खाली बसता येणार नाही. तारुण्यात प्रवेश करताना देहातील घड्याळच मागे सरकते. दहा वाजता पेंगणारे मूल पंधराव्या वर्षी अकरापर्यंत टक्क जागे राहते, आणि तरीही त्याला आठ ते दहा तासांची झोप हवीच असते. याला आळस म्हणणे हा अन्याय आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असे फर्मान काढले, ते योग्यच झाले. पण ज्यांचे घड्याळ निसर्गतःच उशिराचे, त्या नववी ते बारावीच्या मुलांना ही मुभा मिळाली नाही, आणि रविवारी दुपारपर्यंत झोपून ती सहा दिवसांची थकबाकी वसूल करू पाहतात, तेणेकरून सोमवारची घंटा त्यांना अधिकच जड जाते.

संस्थेचे चालक येथे उपस्थित आहेत. आपल्या कनिष्ठ महाविद्यालयाचा पहिला तास सातला भरतो, असे मला आताच एका विद्यार्थिनीने सांगितले. तो साडेआठला न्यावा, असा माझा तोंडी अर्ज आहे; बसगाड्यांच्या आणि दुपारच्या सत्राच्या अडचणी मला ठाऊक आहेत, तरी तो दप्तरी दाखल करून घ्यावा आणि त्यावर काय तजवीज झाली ते पुढील संमेलनापूर्वी कळवावे.