आयुष्य संपलेला डबा

मी आंबेगाव तालुक्यात राहतो. बाहेरगावच्या पाहुण्याला असं सांगितलं की तो हमखास विचारतो, "म्हणजे आंबेगावातच का?" मग समजावून सांगावं लागतं की तालुक्याची कचेरी घोडेगावला, मोठी बाजारपेठ मंचरला, आणि ज्या गावावरून तालुक्याला हे नाव मिळालं ते जुनं आंबेगाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं. माझं आजोळ तिथलं.

पाणी चढण्याआधी आमच्या दाजींनी त्या गावाचे फोटो काढून ठेवले होते. दाजींना कॅमेऱ्याची हौस. आजोळच्या घराचा उंबरा, ओसरीवर बसलेले मामा, परसातलं जातं, सगळं त्यांनी टिपलं. आईच्या जात्यावरच्या ओव्या मी स्वतः तीन कॅसेटवर उतरवून घेतल्या होत्या. एवढीच आमची इस्टेट. जमिनीचा मोबदला केव्हाच खर्च झाला, हे मात्र उरलं.

पुण्यात नोकरीला असलेल्या माझ्या मुलानं काही वर्षांपूर्वी एक काळा डबा आणून दिला. पाव-बटरच्या पुड्याएवढा. तो इंटरनेटच्या वायरला जोडायचा आणि घरातल्या सगळ्यांचे फोटो, कागदपत्रं, गाणी त्यात ठेवायची. आत दोन डिस्क असतात. एकीवर जे लिहिलं जातं तेच दुसरीवर आपोआप उमटतं, आरशासारखं. "बाबा, एक डिस्क बिघडली तरी दुसरी आहेच. आता काळजी नको," मुलगा म्हणाला. आम्हीही काळजी सोडून दिली. दाजींचे फोटो स्कॅन करून त्यात ठेवले, आईच्या ओव्याही चढवल्या. कॅसेटना बुरशी आली होती, त्या मीच एका दिवाळीच्या साफसफाईत टाकून दिल्या. श्रोतेहो, हे वाक्य लक्षात ठेवा. मी ते विसरू शकलेलो नाही.

आता हा डबा म्हणजे नुसतं कपाट नाही. तो एक लहानसा संगणकच असतो, आणि त्याला चालवणारा एक प्रोग्रॅम त्याच्यातच कायमचा बसवलेला असतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. कंपनी अधूनमधून त्याची नवी आवृत्ती पाठवते, तिला अपडेट म्हणायचं. पडद्यावर सूचना येते, आपण 'हो' म्हणायचं. 'हो' म्हटल्यावर काय बदलणार, हे बहुधा आपल्याला कळेल अशा भाषेत सांगितलेलं नसतं. एका अपडेटनंतर आमच्या जुन्या मोबाइलवर फोटो दिसेनासे झाले. दुसऱ्या अपडेटनंतर माझ्याच घरातल्या माझ्याच डब्यात शिरायला कंपनीकडे नव्यानं नाव नोंदवावं लागलं. घर आपलं, कपाट आपलं, पण किल्ली दुसऱ्याच्या खिशात, असा हा प्रकार.

एका आषाढात अशीच सूचना आली. खाली तळटीप होती, 'अपडेट चालू असताना वीजपुरवठा बंद करू नका.' हे लिहिणाऱ्या माणसानं आमच्याकडचा आषाढ पाहिलेला नसावा. भीमाशंकरकडून वारा सुटला की आमच्याकडे आधी दिवे लुकलुकतात आणि मग जातात. मी 'हो' म्हटलं आणि दहाव्या मिनिटाला वीज गेली. घरात इन्व्हर्टर होता, पण डब्याची पिन त्या बोर्डावर नव्हती.

असं झालं की नेमकं काय होतं, ते मला नंतर कळलं. जुना प्रोग्रॅम पुसून त्या जागी नवा लिहिला जात असतो. तो अर्धा लिहून झाल्यावर वीज गेली तर डबा धड जुना राहत नाही, धड नवा होत नाही. काही उपकरणांत जुन्या प्रोग्रॅमची एक प्रत बाजूला राखून ठेवलेली असते, गडबड झाली की ते आपोआप तिच्यावर परततात. आमच्या डब्यात ती सोय नसावी. वीज आली, पंखा फिरू लागला, दिवा केशरी रंगात लुकलुकत राहिला. पण डबा काही ओळख देईना.

कंपनीच्या मदत केंद्राला फोन केला. इंग्रजीसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन. बराच वेळ संगीत ऐकलं. मग एक मुलगा अगदी नम्रपणे म्हणाला, "सर, आपल्या प्रॉडक्टचं आयुष्य संपलेलं आहे." मी डब्यावर हात ठेवून पाहिला. चांगला गरम होता. म्हटलं, "अरे बाळा, आयुष्य संपलं होतं तर काल अपडेट कुणाला पाठवलंत?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं. एकच उपाय होता, मागचं बारीक बटण टाचणीनं दाबून धरायचं. "आणि आतले फोटो?" "ते जातील, सर." त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याच्यापुढे जे लिहिलेलं होतं ते त्यानं वाचलं.

टाचणी हातात होती, पण बटण दाबायचा धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी एसटीनं नारायणगावला गेलो. तिथे संगणक दुरुस्त करणारा माझा एक जुना विद्यार्थी आहे. तो म्हणाला, "गुरुजी, बटण दाबलं नाहीत हे फार बरं केलंत. डबा गेला म्हणजे डिस्क गेली असं नाही." त्यानं एक डिस्क बाहेर काढून आपल्या संगणकाला जोडली. अशा बऱ्याच डब्यांच्या आत लिनक्स नावाची, कुणालाही मोफत वापरता येणारी प्रणाली असते. त्याच्या संगणकावरही लिनक्स होती. त्यामुळे आतलं वाचता आलं. हळूहळू फोटो दिसू लागले. उंबरा आला, मामा आले, परसातलं जातं आलं. मी तिथेच स्टुलावर बसलो.

ओव्यांच्या तीन फायलींपैकी दोन निघाल्या, तिसरी उघडली नाही. वीज गेल्यामुळे ती खराब झाली की आधीच खराब होती, हे त्यालाही नक्की सांगता येईना. दोन्ही डिस्कवर ती तशीच होती. आरसाच तो. समोर जे असेल तेच दाखवणार, भलं असो की बुरं.

श्रोतेहो, हे ऐकून कुणी म्हणेल की मग अपडेट करूच नये. मलाही तसंच वाटलं होतं. पण दुसरी बाजूही आहे. जून २०२१ मध्ये जगभरच्या अनेक लोकांचे 'माय बुक लाइव्ह' नावाचे असेच डबे रातोरात कोरे झाले. ते वेस्टर्न डिजिटल कंपनीचे. वर्षानुवर्षांचे फोटो गेले. या डब्यांना शेवटचं अपडेट मिळालं होतं २०१५ मध्ये. पुढची सहा वर्षं ते लोकांच्या घरात चालू होते, इंटरनेटला जोडलेले होते, आणि त्यांच्या दाराकडे कुणी पाहत नव्हतं. त्या दारातून कुणीतरी आत शिरलं आणि सगळं पुसण्याचा हुकूम सोडला. पुढे तपासात निघालं की हा हुकूम देण्यापूर्वी पासवर्ड विचारणारा भाग फर्मवेअरमध्ये बंद पडलेला होता, आणि ती चूक एप्रिल २०११ मधल्या एका बदलातच शिरली होती. म्हणजे भोक बदलानंच पाडलं, आणि नंतर अपडेट थांबल्यामुळे ते बुजलं नाही. कंपनीनं आधी डबे इंटरनेटपासून तोडायला सांगितलं, मग माहिती परत मिळवून देण्याची सोय जाहीर केली. तात्पर्य असं, की अपडेट केलं तरी धोका, नाही केलं तरी धोका. ग्राहकाची चीड येते ती इथे. दोन्हीकडचा धोका त्याचा, आणि दोन्हीकडचा निर्णय मात्र दुसऱ्याचा.

नारायणगावहून परतताना खोडदच्या दिशेला त्या मोठाल्या तबकड्या दिसल्या. जुन्नर तालुक्याचं भूषण असलेली ही महाकाय रेडिओ दुर्बीण. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली ही दुर्बीण गेल्या दशकात आतून पुष्कळशी नवी झाली. तबकड्या त्याच राहिल्या, पण आकाशातले संकेत टिपणारी आणि पुढे नेणारी यंत्रणा बदलली. आणि हे करताना जुनी यंत्रणा आधी मोडून टाकली नाही. नवी उभी राहीपर्यंत जुनीवर काम चालू ठेवलं. आमच्या शेजारी एवढी मोठी गोष्ट इतक्या समजुतीनं बदलता येते, तर पुड्याएवढा डबा का नाही? बदलाला कुणाचाच विरोध नसतो. मागे फिरायची वाट ठेवा, एवढंच मागणं असतं.

हे मागणं आता कायद्यातही उतरू लागलं आहे. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडायच्या घरगुती वस्तूंच्या उत्पादकाला, सुरक्षेची अपडेट किमान किती काळ देणार, हे सांगावं लागतं. युरोपीय संघानेही २०२४ मध्ये असा कायदा केला, त्याच्या मुख्य तरतुदी डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. आपल्याकडे औषधाच्या पाकिटावर मुदत पाहिल्याशिवाय आपण ते घेत नाही. या डब्यावर ती मुदत का नसावी? आपला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा. त्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीच्या गावी जावं लागत नाही. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करता येतो. ज्या पुणे जिल्ह्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, तिथल्या माणसानं गप्प बसू नये, असं मला वाटतं. मीही तक्रार केली आहे. निकाल काय लागायचा तो लागो.

तोवर आपल्या हातात काय आहे? माझी आजी बियाणं कधी एका जागी ठेवत नसे. थोडं कणगीत, थोडं राख लावून मडक्यात, आणि थोडं माहेरी भावाकडे. कणगीला कीड लागली तर मडकं आहे, घराला आग लागली तर माहेर आहे. संगणकातली जाणती माणसंही हेच सांगतात: तीन प्रती, दोन तऱ्हेच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी. डब्यातला आरसा ही दुसरी प्रत नव्हे. ती एकाच कणगीची दोन तोंडं.

आता दाजींच्या फोटोंची एक प्रत मुलाकडे पुण्यात आहे, एक बहिणीकडे, एक माझ्या कपाटात. अपडेटची सूचना आली की मी आधी प्रत काढतो, डब्याची पिन इन्व्हर्टरच्या बोर्डावर लावतो आणि मगच 'हो' म्हणतो. आषाढात तर म्हणतच नाही.

आईच्या तिसऱ्या कॅसेटवर काय होतं, ते आम्ही बहीणभाऊ अधूनमधून आठवून पाहतो. बहिणीला काही ओव्या येतात, मला दोनचार. परवा तिनं जेवढ्या आठवल्या तेवढ्या वहीत लिहून काढल्या, शाईनं. त्या वहीचीही आम्ही झेरॉक्स काढून ठेवली आहे.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)