सांसर्गिक रोग आणि आपले शिष्टाचार
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आरोग्यावरील व्याख्यानास मंडळाने एखाद्या डॉक्टरांस पाचारण करावयाचे, ते आम्हांस उभे केले. याचे कारण आम्हीच तशी विनंती केली होती. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि त्यावर शिक्षकी पेशाची पदविका, एवढेच. छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत गेली. रोगाची चिकित्सा हा आमचा अधिकार नव्हे. परंतु रोग एका घरातून दुसऱ्या घरात कोणत्या वाटेने जातो, हे पाहावयास शाळेसारखी दुसरी जागा नाही. त्या वाटेवर एकदा आम्ही स्वतःच रोगास हात दिला. ती हकिकत आजवर चारचौघांत सांगितली नव्हती.

सन 1988. एका खेड्यातील शाळेत आमच्याकडे चौथीचा वर्ग होता. हजेरीचा आम्हांस मोठा अभिमान. भिंतीवर तक्ता लावलेला असे, आणि वर्षभरात एकही दिवस न चुकविणाऱ्या मुलास स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या हस्ते कंपासपेटी मिळे. फेब्रुवारीत एक मुलगा अंगात ताप असताना वर्गात आला. डोळे लाल, नाक वाहते, खोकल्याची ढास थांबेना. आईने घरी राहा म्हटले असता तो रडून निघाला होता, कारण स्नेहसंमेलनास तीनच आठवडे उरले होते. आम्ही त्यास परत पाठवावयाचे सोडून वर्गासमोर उभे केले, त्याची पाठ थोपटली आणि इतर मुलांस सांगितले, की अभ्यासाची ओढ असावी तर अशी. तिसऱ्या दिवशी त्याच्या कानामागून पुरळ उठले. तो गोवर होता.

पुढील दोन आठवड्यांत वर्गातील अकरा मुले आजारी पडली आणि त्यांच्यामागून त्यांची घरची धाकटी भावंडे. गोवराची लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात 1985 साली आली खरी, पण खेडोपाडी पोचावयास तिला काही वर्षे लागली. आम्ही ज्याची पाठ थोपटली तो मुलगा बरा झाला. दुसऱ्या एका मुलाची दीड वर्षाची बहीण मात्र गोवर मावळता मावळता फुप्फुसाच्या सुजेने गेली. तिच्या बारशाच्या घुगऱ्या आम्ही खाल्ल्या होत्या. घरच्यांनी उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवला आणि डॉक्टरांकडे नेण्यास चार दिवस लावले. पण त्यांस दोष देणारे आम्ही कोण? रोग ज्या दाराने त्या घरात शिरला, ते दार आम्ही उघडे ठेवले होते.

त्यानंतर या विषयावर मिळेल ते आम्ही वाचू लागलो. वाचून कळले ते असे, की गोवराचे पुरळ दिसण्याच्या सुमारे चार दिवस आधीपासूनच तो रोगी इतरांस रोग देत असतो, आणि पुरळ उठल्यावर आणखी चार दिवस. रोगी खोलीतून निघून गेला तरी त्याच्या श्वासातील विषाणू त्या हवेत दोन तासांपर्यंत तग धरतात. ज्यांनी लस घेतलेली नाही आणि ज्यांस पूर्वी गोवर झालेला नाही, अशी दहा माणसे रोग्याच्या निकट सहवासात आली, तर त्यांतील नऊ जणांस तो होतो. आमच्या वर्गाच्या खिडक्या थंडीमुळे बंद होत्या, हेही येथे सांगून टाकतो.

लोक समजतात, की रोग घाणेरड्या आणि बेपर्वा माणसांच्या हातून पसरतो. तसा तो पसरतोच. परंतु आमचा अनुभव असा, की तो आपल्या सद्गुणांवर स्वार होऊनही फिरतो. शाळा न चुकविणे, लग्नाचे आमंत्रण न मोडणे, आजाऱ्याच्या समाचारास जाणे, पंक्तीत मांडीला मांडी लावून बसणे, यांत वाईट ते काय? काहीच नाही. म्हणूनच तेथे कोणी त्यास अडवीत नाही. तापाने फणफणलेली मावशी भाचीच्या हळदीस येते आणि आपण तिच्या मायेचे कौतुक करतो.

आपले पूर्वज या बाबतीत काहीसे कठोर होते. 1896 साली मुंबईत प्लेग आला. माणसे गाडीने आणि गलबतांनी गावोगाव पळाली आणि रोगही त्यांच्याबरोबर गेला. आमचे आजोबा सांगत, की त्यांच्या लहानपणी घरात उंदीर पडू लागले म्हणजे सारा गाव घरे सोडून माळावर झोपड्यांत राहावयास जाई. उंदराच्या अंगावरील पिसू प्लेगाचे वहन करते, हे पॉल लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1898 साली कराचीत दाखविले. ते शास्त्र आमच्या खेडुतांस ठाऊक नव्हते. पडलेला उंदीर मात्र ते ओळखीत. त्या काळी परगावचा पाहुणा वेशीबाहेर थांबला तर कोणी रागावत नसे. आज लग्नास येऊ नका म्हटले, तर तीन पिढ्यांचे बोलणे बंद होते!

येथे एक शंका येईल, की मग आजाऱ्यास वाऱ्यावर सोडावे काय? मुळीच नाही. 1897 च्या प्लेगात सावित्रीबाई फुले रुग्णांच्या सेवेत झिजल्या, त्यातच त्यांस प्लेग झाला आणि 10 मार्च रोजी त्या गेल्या. शुश्रूषेस माणूस लागतेच, आणि जो ती करतो त्याचा धोका पुण्याचा आहे. परंतु घरात एक माणूस शुश्रूषेस असताना हातात शहाळे घेऊन खाटेभोवती बसणाऱ्या बारा जणांचा धोका कोणत्या कामाचा? शहाळे दारात ठेवावे आणि विचारपूस दूरध्वनीवर करावी.

आता हातांविषयी. हा विषय क्षुल्लक वाटतो, म्हणून त्यावर थोडे अधिक बोलतो. व्हिएन्ना येथील एका प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस नावाचे डॉक्टर होते. तेथील तरुण डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणींस तपासावयास येत. एप्रिल 1847 मध्ये शंभरातील अठरा बाळंतिणी दगावल्या. मे महिन्यात सेमेलवाइस यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली, आणि जूनमध्ये ते प्रमाण शंभरात दोनांवर आले. एवढे होऊनही त्यांच्या व्यवसायबंधूंनी त्यांची टवाळी केली. डॉक्टरासारख्या सभ्य गृहस्थाचे हात मृत्यू वाहून नेतात, हे त्यांच्या पचनी पडेना. 1865 साली सेमेलवाइस वेड्यांच्या इस्पितळात मरण पावले.

त्या डॉक्टरांस हसण्याचे कारण नाही. आपल्यातही सोवळे आणि स्वच्छता यांची गल्लत पूर्वापार चालत आली आहे. वर्षानुवर्षे न धुतलेला मुकटा सोवळ्यात चालतो, आणि जेवणापूर्वी बोटांची अग्रे पाण्यात बुडविली की हात धुतले असे मानतात. साबण आठवतो तो जेवणानंतर, तूप निघावे म्हणून! जन्मावरून कोणाचा स्पर्श चालेल आणि कोणाचा चालणार नाही, याचा काथ्याकूट आपल्या लोकांनी शतकानुशतके केला. पण शौचाहून आलेल्या आपल्याच हाताचा स्पर्श कोठे कोठे जातो, हे पाहिले नाही. ज्ञातीच्या व्यासपीठावरून हे बोलणे कोणास रुचणार नाही, तरी ते खरे आहे. शौचानंतर, स्वयंपाकापूर्वी, जेवणापूर्वी आणि मुलास भरविण्यापूर्वी, साबण लावून, नखांच्या कडा आणि बोटांच्या बेचक्या चोळून, निदान वीस सेकंद हात धुवावेत. काही विषाणूंचे आवरण चरबीचे असते, ते साबणाने फुटते. बाकीचे जंतू फेसाबरोबर सुटून वाहून जातात.

आपल्या कार्यालयात सामुदायिक विवाह होतात, तेव्हा हजार पाने उठतात. दूषित पाण्याने आणि हातांनी पसरणारी जी एक कावीळ आहे, तिचा रोगी डोळे पिवळे होण्यापूर्वीच्या दोन आठवड्यांत सर्वांत अधिक संसर्ग पसरवितो. म्हणजे आचाऱ्याकडे पाहून तो निरोगी आहे की नाही, हे आपणांस कळणार नाही. त्याचे हात धुतलेले आहेत की नाहीत, एवढेच आपण पाहू शकतो. पिण्याच्या पाण्याच्या पिंपात पेला धरून मनगटापर्यंत हात बुडविण्याची चाल आहे, ती बंद करून लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे, नाहीतर तोटीचे पिंप आणावे. 2020 साली दाराशी बसविलेली जंतुनाशकाची बाटली अजून तेथेच आहे. ती वाळून खडंग झाली आहे.

डासांविषयी फार सांगत नाही. गच्चीवरील टाकीचे झाकण तुटलेले आहे आणि डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो, एवढे सभासदांनी ध्यानात घ्यावे.

लसीविषयी मात्र एक विनवणी. देवीचा रोग आपल्या देशातून 1975 मध्ये गेला. पोलिओचा शेवटचा रोगी जानेवारी 2011 मध्ये सापडला आणि 2014 साली आपला देश पोलिओमुक्त ठरला. हे दोन्ही लसीमुळे साधले. गोवराच्या लसीचे दोन डोस असतात, एक बाळ नऊ महिन्यांचे झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. पहिला घेऊन दुसरा विसरणारी घरे आपल्यात पुष्कळ आहेत. 2022 साली मुंबईत गोवराची साथ येऊन बालके दगावली, हे गोवंडीकडील आपल्या सभासदांस सांगावयास नकोच.

शेवटी मंडळापुढे एक अर्ज. आमच्या मातोश्रींच्या स्मरणार्थ, ज्ञातीतील शंभर टक्के हजेरी असणाऱ्या विद्यार्थ्यांस आम्ही गेली सात वर्षे पारितोषिक देत आलो. 1988 ची गोष्ट माहीत असताना आम्ही ते सुरू केले. जुनी सवय, दुसरे काय म्हणावे! ते पारितोषिक आम्ही मागे घेत आहोत. त्या रकमेतून कार्यालयाच्या मोरीपाशी चार नवे नळ आणि भिंतीत साबणाची खोबणी करून द्यावी, आणि दरवर्षीचा साबण आमच्या निवृत्तिवेतनातून यावा. यंदाच्या यादीत पाच मुलांची नावे आहेत. त्यांस कबूल केलेले असल्यामुळे त्यांची पारितोषिके आज दिली जातील. त्यांतील एक मुलगी सकाळपासून खोकत आहे, तिने व्यासपीठावर न येता घरी जाऊन विश्रांती घ्यावी. तिचे पारितोषिक आम्ही उद्या तिच्या घरी पोचते करू.