निर्मूलन : एक शब्द, दोन अर्थ

‘मूळ’ या शब्दापासून निर्मूलन हा शब्द झाला. हरळी काढताना शेतकरी वरची पाती कापून थांबत नाही. मुळी राहिली तर पहिल्या पावसात ती पुन्हा वर येणार हे त्याला ठाऊक असते. माणसाच्या रोगांपैकी ज्याची मुळी खरोखर निघाली असा रोग एकच, देवी. १९७७ च्या ऑक्टोबरात सोमालियातील मेर्का शहरी एका रुग्णालयातील स्वयंपाक्याला देवी आल्या. निसर्गतः झालेली ती शेवटची लागण. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य सभेने देवीचे निर्मूलन झाल्याचे जाहीर केले. सर्वसामान्यांना लस टोचण्याचेही मग कारण उरले नाही.

कुष्ठरोगाच्या बाबतीत मात्र हाच शब्द निराळ्या मापाने वापरला गेला. ‘सार्वजनिक आरोग्याची समस्या’ म्हणून हा रोग २००० सालापर्यंत दूर करावा, असा ठराव याच सभेने १९९१ साली केला. आणि दूर होणे म्हणजे १०,००० लोकांमागे एकाहून कमी रुग्ण असणे, असे ठरविले. इंग्रजीत या दोन कल्पनांना दोन शब्द आहेत. मराठीत दोन्ही ठिकाणी निर्मूलनच. २००५ च्या डिसेंबरात भारत त्या मर्यादेखाली आला. निर्मूलन झाले हे ऐकून एखाद्याने देवीचाच अर्थ घेतला, तर त्याला दोष कसा द्यावा?

त्या मापातही एक मेख आहे. त्यात मोजले जातात ते उपचार चालू असलेले, नोंदलेले रुग्ण. औषध पूर्ण झाले की नाव नोंदवहीतून निघते, मग बोटे वाकडी का राहिली असेनात. विसाव्या शतकाच्या अखेरीस सांसर्गिक प्रकारच्या रुग्णांचा उपचार दोन वर्षांवरून एका वर्षावर आला. रुग्णाची ती मोठी सोय झाली. परंतु नवे रुग्ण तितकेच असूनही अशा रुग्णांचा नोंदवहीतील आकडा त्यामुळे निम्म्यावर येऊ शकतो. रोग तर असा सावकाश, की जंतू शरीरात शिरल्यावर बधिर चट्टा दिसू लागण्यास सरासरी ५ वर्षे, क्वचित २० वर्षेही लागतात.

२००५ नंतर घरोघरची तपासणी मंदावली. २०१६ साली ती पुन्हा मोठ्या प्रमाणावर हाती घेतली, तेव्हा न नोंदलेले हजारो रुग्ण आढळले. जगातील नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात सापडतात. वर्षाला सुमारे १ लाख. पाठीवरचा चट्टा दुखत नाही, आणि रोग तर संपला असे कानावर आलेले. असा मनुष्य दवाखान्याची पायरी चढतो ती कित्येकदा हातातील पेला निसटू लागल्यावर.