वयाची अट आणि श्रमिकाचे शरीर

(मराठी भाषक सभासदांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



निवृत्तिवेतनाचे नियम मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे येते, तेव्हा जवळजवळ प्रत्येक योजनेत वयाचा आकडा हटकून भेटतो. इतर शब्दांच्या अर्थावर वाद होतो. हा आकडा मात्र निसर्गानेच ठरवून दिला असावा असे वाटते. वस्तुतः तो माणसांनी ठरविलेला असतो, आणि त्याची झळ सर्वांना सारखी बसत नाही.

जर्मनीत १८८९ साली वार्धक्यविम्याचा कायदा झाला. त्यात वयाची अट ७० वर्षांची होती. परंतु ज्याची काम करण्याची शक्ती त्यापूर्वीच संपली, त्याला सत्तरीची अट न लावता अपंगत्वाचे वेतन देण्याची तरतूदही त्याच कायद्यात होती. थोड्याच वर्षांत अपंगत्वाचे वेतन घेणारे संख्येने पुढे गेले. कारण कामगाराचे शरीर सत्तरीपर्यंत टिकत नव्हते. पुढे १९१६ साली ती अट ६५ वर आणावी लागली. यातून एक गोष्ट स्पष्ट होते. वयाची अट जितकी वर ठेवाल, तितकी अपंगत्वाची व्याख्या व्यापक ठेवली पाहिजे.

आता आपल्या देशाकडे पाहू. भविष्यनिर्वाह निधीच्या कक्षेतील कामगारांसाठी १९९५ ची निवृत्तिवेतन योजना आहे. दहा वर्षांची सेवा असल्यास वयाच्या ५८ व्या वर्षी पूर्ण वेतन मिळते. पन्नाशीनंतर ते आधी घेता येते. मात्र दरवर्षामागे ४ टक्के कपात होते. सेवेत असताना कायमचे व पूर्ण अपंगत्व आले, तर दहा वर्षांची अट राहत नाही. एका महिन्याची वर्गणीही पुरते. किमान वेतन २०१४ पासून अवघे १,००० रुपये आहे, हे खरे; तथापि कायद्याने येथे दुसरी वाट ठेवली आहे.

असंघटित श्रमिकांना मात्र ही वाट जवळजवळ बंद आहे. १९९५ च्या राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रमात वार्धक्यवेतनाची अट प्रथम ६५ वर्षांची होती. २०११ पासून ती ६० झाली. लाभ दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांनाच. केंद्राचा वाटा ७९ वर्षांपर्यंत २०० रुपये आणि ८० व्या वर्षापासून ५०० रुपये. राज्ये त्यात आपापली भर घालतात. अपंगांना केंद्राकडून ३०० रुपये मिळतात, पण अपंगत्व ८० टक्के असावे लागते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मात्र लक्षणीय अपंगत्वाची मर्यादा ४० टक्के ठरविली आहे.

आता चोपन्न वर्षांच्या एखाद्या हमालाचा विचार करा. तीस वर्षे पोती वाहून त्याचा मणका झिजला आहे. मुकादम त्याला काम देत नाही. शासनाच्या लेखी तो वृद्ध नाही, कारण साठी सहा वर्षे दूर आहे. आणि अपंगही नाही, कारण त्याचे अपंगत्व ८० टक्के भरत नाही. वर्गणी भरावयाची म्हटली, तर २०१५ ची अटल पेन्शन योजना आणि २०१९ ची श्रमयोगी मानधन योजना या दोहोंत चाळिशीनंतर प्रवेश नाही. विधवेचीही हीच गत. केंद्राच्या योजनेत तिला चाळीस वर्षे पूर्ण करावी लागतात. पस्तिशीत वैधव्य आले, तर लहान लेकरांसह तिने पाच वर्षे थांबावयाचे.

त्यात वयाच्या पुराव्याचा प्रश्न. जो शाळेत गेला नाही, त्याच्या आधारपत्रावर अनेकदा अंदाजाने वर्ष लिहिलेले असते. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली स्पष्ट केले. अंदाज चार वर्षांनी चुकला, तर चार वर्षांचे वेतन बुडते.

म्हणून केवळ रक्कम वाढवा, एवढीच मागणी पुरेशी नाही. अंगमेहनतीच्या कामांना वयाची अट खाली आणावी. अपंगत्वाची मर्यादा ४० टक्क्यांवर आणावी. आणि मणक्याची, फुप्फुसांची झीज मोजताना तो माणूस आपले नेहमीचे काम करू शकतो की नाही, हे पाहावे.

आपण सुरतेत असा, इंदुरात असा वा हैदराबादेत. वस्तीत जाल तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्यांची कागदपत्रे एकदा पाहून घ्या. चुकीची तारीख साठीच्या आधी दुरुस्त करून घेता येते. नंतर ती दुरुस्त होईपर्यंत माणूस उरेलच, याचा भरवसा नसतो.