न्यूट्रॉनाची साक्ष

सूर्याच्या पोटांत जें अव्याहत चाललें आहे, तें पृथ्वीवर एखाद्या पात्रांत घडवून आणावें, ही शास्त्रज्ञांची जुनी आकांक्षा आहे. ड्यूटेरियम आणि ट्रिटियम हीं हायड्रोजनाचीं दोन जड भावंडें. त्यांचे अणुगर्भ कोट्यवधि अंश उष्णतेंत एकरूप झाले, कीं त्यांतून एक न्यूट्रॉन सुटतो. असा तप्त वायु, म्हणजे प्लाझ्मा, चुंबकाच्या बलानें कोंडून ठेवतां येतो. न्यूट्रॉनावर विद्युद्भार नसल्यामुळें तो मात्र सरळ बाहेर पडतो, आणि संमीलनाची सुमारें ८० टक्के ऊर्जा बरोबर नेतो. आंत काय घडलें, याचा मुख्य साक्षीदार तोच.

पण साक्षीदार खरा असला, तरी ऐकणाऱ्याची गफलत होऊं शकते. इंग्लंडांतील हार्वेल येथें झीटा यंत्रांतून न्यूट्रॉन निघाले, आणि जानेवारी १९५८ मध्यें संमीलन साधल्याची वार्ता जगभर गेली. नंतर त्या न्यूट्रॉनांची ऊर्जा दिशेगणिक निराळी भरली. केवळ उष्णतेनें घडलेल्या संमीलनांत तसें होत नाहीं. त्याच वर्षीं तो दावा सोडावा लागला. न्यूट्रॉन मोजणें ही एक गोष्ट, त्यांचा अर्थ लावणें ही दुसरी.

म्हणूनच आतां मापक घडविण्यापूर्वीं त्याची परीक्षा संगणकावर होते. कारण मापकापर्यंत येणारे पुष्कळ न्यूट्रॉन भिंतींवर व चुंबकांवर आपटून, ऊर्जा गमावून आलेले असतात. उलाम व फॉन नॉयमन यांनीं १९४० नंतरच्या दशकांत पुढें आणलेल्या या पद्धतीला मोनाकोंतील द्यूतगृहावरून माँटे कार्लो हें नांव पडलें. संगणक कोट्यवधि काल्पनिक न्यूट्रॉन सोडतो. प्रत्येक जण कोठें आदळेल व कोठें वळेल, हें जणूं फांसे टाकून ठरतें. मात्र ते फांसे प्रयोगांत मोजलेल्या संभवांना धरून घडविलेले असतात. मापक कोठें बसवावा, त्याभोंवतीं आवरण किती जाड असावें, हें त्यांतून कळतें.

तरीही गणिताला प्रत्यक्षाची कसोटी हवीच. कल्हम येथील जेट यंत्रांत २०१३ सालीं कॅलिफोर्नियमचा, आणि २०१७ सालीं एका छोट्या न्यूट्रॉन-जनकाचा, ज्ञात तीव्रतेचा उगम यांत्रिक हातानें आंत फिरवून मापकांच्या नोंदी गणिताशीं ताडून पाहिल्या. २०२३ सालीं त्याच यंत्रानें ६९ मेगाज्यूल संमीलन-ऊर्जा दिली. त्या आंकड्यावर जग विश्वास ठेवतें, तें या आधींच्या उलटतपासणीमुळें.