पाठ असलेले गीत

मिनिटे मोजकीच आहेत, म्हणून मुख्य गोष्ट आधी सांगते. प्राचीन ख्रिस्ती गीते नुसत्या कागदाने टिकवली नाहीत, तोंडाने टिकवली.

इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसच्या उकिरड्यांत सापडलेला पपायरसचा एक तुकडा १९२२ साली प्रसिद्ध झाला. धान्याच्या हिशेबाच्या पाठकोऱ्या बाजूवर तिसऱ्या शतकाच्या अखेरीस कुणीतरी ग्रीक स्तोत्र लिहिले होते आणि शब्दांवर स्वरांच्या खुणा केल्या होत्या. म्हणजे चालसुद्धा लिहिलेली! पण गाणारे उरले नव्हते. सोळाशे वर्षे ते स्तोत्र मुके राहिले.

आता दिवेलागणीचे ‘फोस हिलारोन’ हे स्तोत्र घ्या. चौथ्या शतकात संत बासिल यांनाच ते जुने वाटत होते. कुणी रचले हे त्यांनाही ठाऊक नव्हते. त्याची मूळ चाल कुठे लिहिलेली नाही. तरी ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आजही ते सायंप्रार्थनेत गातात.

गीताचे हे तोंडातोंडी टिकणे विरजणासारखे आहे. कालच्या दह्यातले चमचाभर आजच्या दुधात, आजचे उद्याच्या. घरातले संपले तर शेजारून वाटीत आणायचे. दूध बदलले, भांडे बदलले, तरी दही लागतेच. पण सगळ्याच घरांत एका रात्री विरजण लावायचे राहिले, तर दह्याची कृती वहीत कितीही नीट उतरवलेली असो, सकाळी भांड्यात दूधच.

गीत लोकांच्या तोंडी कसे बसते, तेही ऐका. ३८६ साली मिलानमध्ये राजमाता जस्टिना एरियन पंथीयांसाठी एक चर्च मागत होत्या. बिशप अँब्रोज यांच्यासोबत लोक चर्चमध्येच ठाण मांडून बसले. ते खचू नयेत म्हणून पूर्वेकडच्या रीतीने सगळ्यांनी मिळून गाणे सुरू झाले, असे संत ऑगस्टिन सांगतात. अँब्रोज यांच्या गीतांची बांधणी बघा: चार ओळींचे कडवे, ओळीत आठ अक्षरे. वाचता न येणाऱ्यालाही ऐकून पाठ व्हावे अशी. पुढे आई मोनिका वारल्या, तेव्हा अंथरुणावर एकट्या पडलेल्या ऑगस्टिन यांना अँब्रोज यांच्याच रात्रीच्या गीताच्या ओळी आठवल्या. पुस्तक शोधावे लागले नाही. पाठ होत्या, म्हणून त्या घटकेला धावून आल्या.

पुन्हा सांगते, पाठ होत्या! आपल्या मराठी मंडळ्यांत ना. वा. टिळकांची गीते आज्यांना सगळ्या कडव्यांसकट येत. आपण मात्र पहिले कडवे म्हणतो आणि दुसऱ्यासाठी पडद्याकडे बघतो. रागावू नका, पण पडद्यावर आहे ते आपल्याजवळ आहे असे समजू नका.

एवढे कराच: या आठवड्यात एक जुने गीत शेवटच्या कडव्यापर्यंत मुलांकडून पाठ करून घ्या. सूर थोडा हलला तरी चालेल, कडवे गळता कामा नये.